नाशिकमध्ये कॅन्सर पेशंटसाठी माहिती आणि आधार: हेल्पलाइन, ग्रुप, वेबसाइट की आरोग्यमित्र, आधी कुठे जायचं?

घरात कोणाला कॅन्सर निघालाय आणि नेमकं कोणाला विचारायचं तेच कळत नाहीये अशांसाठी लिहितेय. मावशीच्या आजारपणात हे सगळे दरवाजे आम्ही वाजवले, त्यावरून माझं ठाम मत झालंय की प्रश्न कोणता आहे ते बघून जागा निवडायची, सगळं एकाच ठिकाणी मिळत नाही.

पैशाचा प्रश्न असेल तर ग्रुपवर विचारत बसू नका, सरळ आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या हॉस्पिटलातल्या मदतनीसाला गाठा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात त्यांचं टेबल असतं. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, पण योजना कॅशलेस आहे, म्हणजे मंजुरी आधी घ्यावी लागते, म्हणून रेशनकार्ड, आधार नि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन ऍडमिट व्हायच्या आधीच जा. योजनेत बसत नसेल तर धर्मादाय हॉस्पिटलात गरिबांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि 10 टक्के सवलतीत राखीव असतात, तिथल्या सोशल वर्करला स्पष्ट विचारा, लाजायचं काही कारण नाही.

ट्रीटमेंट बरोबर चाललीय का अशी शंका असेल तर दोन रस्ते. एक म्हणजे मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलला जाणं. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून परळ जवळच, पण आजारी माणसाला सकाळी सकाळी गाडीत बसवून रांगेत उभं करायचं म्हणजे हाल होतात हो. दुसरा रस्ता म्हणजे ‘नव्या’ नावाची, टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) यांच्याबरोबर चालणारी ऑनलाइन सेवा. रिपोर्ट अपलोड केले की तज्ज्ञांचं मत लेखी मिळतं, ते आपल्या नाशिकच्या डॉक्टरांना दाखवता येतं. फक्त मत हवं असेल तर मी ‘नव्या’च सुचवेन. ऑपरेशन तिकडेच करायचं ठरलं असेल तर मात्र जावंच लागतं, तेव्हा हॉस्पिटलकडून रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून घ्या, सेकंड क्लासला पेशंट आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सूट आहे. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, पण जागा मिळेलच असं धरून निघू नका, आधी फोन करा.

आता ग्रुप. व्हॉट्सॅपवरचे पेशंटचे ग्रुप मला मनापासून आवडतात, कारण तोंड आल्यावर काय गिळवतं, केस गेल्यावर बाहेर पडताना काय वाटतं, ऑपरेशननंतर हात वर जात नाही तेव्हा रोज किती नेट लावायचा हे जी बाई स्वतः त्यातून गेलीय तीच सांगू शकते, डॉक्टरकडे तेवढा वेळच नसतो. पण औषधाचा सल्ला तिथून अजिबात घ्यायचा नाही. लक्ष्मणफळाचा रस, कडू जर्दाळूच्या बिया असले मेसेज फिरतात, त्या बियांतून पोटात सायनाइड तयार होतं! आणि केमो चालू असताना 100.4 च्या वर ताप गेला तर ग्रुपवर टाइप करत बसू नका, लगेच हॉस्पिटलला फोन लावा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

ग्रुप नको, कोणीतरी शांतपणे ऐकून नीट सांगणारं माणूस हवं असेल तर इंडियन कॅन्सर सोसायटीची हेल्पलाइन चांगली, 1800221951, टोल फ्री. ही संस्था 1951 पासून काम करतेय. मुंबईतली व्ही केअर पण बघा, ती एका कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बाईंनीच सुरू केली. वेबसाइटचं म्हणाल तर अमेरिकन कॅन्सर सोसायटीची माहिती भरवशाची आहे पण इंग्रजीत, आणि घरातल्या आजीला ती वाचून दाखवायची तर कोणीतरी समजावणारं लागतंच, शिवाय तिथले खर्च नि विमा आपल्याला लागू नाहीत.

ट्रीटमेंट संपली की सगळे म्हणतात चला सुटलो, आणि तिथेच पेशंट एकटा पडतो, प्रत्येक फॉलोअपच्या आधी झोप उडते. लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांसाठी इंडियन कॅन्सर सोसायटीचा उगम हा गट आहे. बाकीच्यांनी आपल्या हॉस्पिटलात सर्व्हायवर गट भरतो का ते विचारा, नाहीतर समुपदेशकाकडे वेळ मागा. आणि जो मुलगा किंवा सून महिनोन्महिने धावपळ करतेय तिच्या मनाचं काय? तिला 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर द्या, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.