जुनी सायकल, रोजच्या ऑफिससाठी तयार!

घरात पडून असलेली स्टीलची हायब्रिड (रोड आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल) कोथरूडमधल्या एका छोट्या दुकानात नेली, म्हटलं काका रोज ऑफिसला जायचंय हिच्यावर, तर त्यांनी सगळ्यात आधी सीटची उंची बघितली, पेडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे म्हणाले, आणि खरंच माझे गुडघे दुखायचे थांबले. २८ मिमी रुंदीचे टायर काढून ३५ चे टाकले, खड्ड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पूर्ण लांबीचे मडगार्ड, मागे कॅरिअर, त्यामुळे पाठीवरची सॅक गेली. गिअर चांगलेत, उगाच बदलू नका म्हणाले, चेन मात्र बदलायला लावलीच. दोन दिवस सांगून पाच लावले खरे, पण चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना स्पोक न् स्पोक तपासत होते, कोण करतं हो एवढं आजकाल!