मासळीचा काटा तीन पावलांवर होता

बोटीच्या तळाला लावलेल्या खोट्या रंगापायी १,२०,९०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, नंतर सांगताना जीभ अडखळते. शिवाय नऊ दिवस बोट उभी राहिली ती वेगळीच.

आमचा ४८ फुटी लाकडी ट्रॉलर गोव्यात मांडवी नदीवरच्या मालीम जेटीला असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हाच बोटी वर ओढायच्या, खरवडायच्या, फटी बुजवायच्या आणि पाण्याखालच्या भागाला तांबं घातलेला रंग द्यायचा, म्हणजे शेवाळ आणि बार्नॅकल (तळाला घट्ट चिकटणारे कवचाचे जीव) धरत नाहीत. यालाच अँटीफाउलिंग म्हणतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक मालकाचे हात रंगाने भरलेले आणि खिसा रिकामा असतो. रंग विकणारा हा माणूस नेमका तेव्हाच आला. मेमध्ये आला असता तर मी चार ठिकाणी चौकशी केली असती.

शिपयार्डात मोठ्या जहाजाचं काम झालं, उरलेला माल आहे, असं त्याने सांगितलं. ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल, मीही ऐकली होती. दुकानात २० लिटरचा डबा १६,८०० ला, त्याच्याकडे ८,५०० ला. तरी मी नाहीच म्हणत होतो. मग तो जवळ सरकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "दादा, यात कथील आहे. जुना माल. आता बाजारात मिळायचा नाही."

इथे मी गेलो.

कथील म्हणजे इथे ट्रायब्युटिलटिन, कथलाचं विषारी संयुग. एकेकाळी या रंगाचा दबदबा होता, वर्षानुवर्षं तळाला शेवाळ नाही की बार्नॅकल नाही. पण त्याने गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटायला लागली, कालवांचे शिंपले जाड, वेडेवाकडे झाले. म्हणून २००१ मध्ये त्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि सप्टेंबर २००८ पासून तो लागू आहे. हे मला ठाऊक होतं. मांडवीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आमच्याच ताटात येतात, तेही ठाऊक होतं. तरी घेतला. आदल्या वर्षीचा चांगल्या दुकानातला रंग आठ महिन्यांत संपला होता, डिझेलचं बिल बघून रात्री झोप येत नव्हती, मुलीची कॉलेजची फी भरायची होती. कारणं खरी आहेत, पण पोलिसांसमोर त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

डब्यात कथीलही नव्हतं, ते नंतर कळलं. कथलाची थाप होती ती माझं तोंड बंद ठेवण्यासाठी. बेकायदा माल घेतलेला माणूस तक्रार कुठे करणार?

तीन डबे २५,५०० आणि प्रायमरचे दोन ८,५००, मिळून ३४,०००. १४,००० यूपीआयने, बाकी २०,००० रोख. बिल म्हणून हाताने लिहिलेला कागद. पत्ता वास्कोचा आणि जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा. गोव्याचा नंबर ३० ने सुरू होतो, २७ महाराष्ट्राचा. माझ्या स्वतःच्या बर्फाच्या बिलावर रोज ३० बघतो मी!

आता तो क्षण. पिकअपमधून त्याच्या पोऱ्याने डबे उतरवले, एका हातात एक, दुसऱ्या हातात एक, तोंडात गुटखा, आणि रॅम्पवरून चालत आला. तांब्याच्या खऱ्या रंगाचा २० लिटरचा डबा ३५ किलोच्या आसपास भरतो. आमचे खलाशी तो उचलत नाहीत, गडगडवत आणतात. बोट चालवणारा आमचा तांडेल हळूच म्हणाला, "पात्रांव (मालक), डबे हलके दिसतात." मी त्याला म्हटलं, तू तुझं काम बघ. मासळीचा काटा तीन पावलांवर होता. ज्या काट्यावर कोळंबीच्या दोनशे ग्रॅमसाठी मी व्यापाऱ्याशी अर्धा तास भांडतो, त्यावर एक डबा ठेवायचं मला सुचलं नाही. सुचलं नाही हे खोटं आहे. सुचलं होतं, आणि ठेवायचा नव्हता.

झाकण उघडल्यावरही तेच. खऱ्या रंगात तांबं तळाला बसतं, काठी रुतून उभी राहते, ड्रिलने घुसळावं लागतं. हा ताकासारखा पातळ. "बरं झालं, लवकर मिसळला," असं मीच म्हणालो. लावणावळ १२,५००.

ऑगस्ट, सप्टेंबर तळ स्वच्छ. मी खूश. दोघांना शिफारस केली, त्यातल्या एकाने दोन डबे घेतले. तो आता जेटीवर मला बघून मान फिरवतो. पावसाळ्यात मांडवीचं पाणी गोडं होतं, गोड्या पाण्यात बार्नॅकल धरत नाही. तेव्हा चुना फासला असता तरी तळ स्वच्छच दिसला असता. हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. पाऊस सरला, खारं पाणी आत चढलं, आणि दिवाळीपर्यंत इंजिन काळा धूर ओकायला लागलं. पोरगा बुडी मारून वर आला तो तळहात फाटलेला घेऊन. बोट वर काढली तर तळ दिसतच नव्हता. बार्नॅकल खरवडलं की रंगाचा पापुद्रा त्याच्यासोबत निघत होता, खाली उघडं लाकूड, आणि कण्याजवळ टाचणीच्या टोकाएवढी भोकं. लाकूड पोखरणारा किडा आत शिरला होता. ती भोकं बघून माझ्या पोटात जे झालं ते पैशांसाठी नव्हतं.

बोट परत ओढणं १८,०००, खरवडणं ६,०००, नवा रंग तीन डबे ५०,४००. आधीच्या ४६,५०० मध्ये मिळवा.

मग तक्रारीची फेरी. पोलीस ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. मी डबा दाखवला तर विचारलं, "म्हणजे बंदी असलेला माल समजून घेतलात?" आणि दोघे हसले. दुसऱ्या ठाण्यात पाठवलं, तिथे म्हणाले व्यवहार जेटीवर झाला, पहिल्याच ठाण्यात जा. ऑनलाइन पैशांचं बघणारा म्हणाला, तुम्ही स्वतः पाठवलेत, कोणी काढून नाही घेतले. मत्स्य खात्यात गेलो तर म्हणाले, आम्ही रजिस्ट्रेशन आणि सबसिडी बघतो, रंग नाही. वकिलाने सांगितलं, धंद्यासाठी घेतलेला माल, ग्राहक म्हणून दाद मागणं कठीण, पोटापाण्याचा स्वयंरोजगार सिद्ध केला तर वाट आहे. चार महिने, सात खेपा, एफआयआर नाही. एका साहेबाने तर तक्रारीतलं "अँटीफाउलिंग" खोडून "पेंट" लिहायला लावलं, कारण त्याला ते टाइप करता येईना. एरवी लायसन्सच्या कागदावर स्वल्पविराम चुकला तर हीच माणसं बोट अडवतात.

डबा काट्यावर ठेवा, विकणाऱ्यासमोर ठेवा, लाज बाळगू नका. रोख देऊ नका. यूपीआयने गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी दिवाळीनंतर केला. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, माझ्या कागदावरचा नंबर भलत्याच दुकानाचा निघाला. रिकामे डबे भंगारात देऊ नका. आणि पावसाळ्यात तळ स्वच्छ राहिला म्हणून कोणाला शिफारस करू नका.

तिसऱ्या डब्यातला थोडा रंग उरलाय, तो मुलीने घरी बरणीत भरून ठेवलाय, पुरावा म्हणून. परवा त्याच माणसाचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची ऑफर, पावसाआधी निम्म्या दरात. आमची गच्ची गळते हे त्याला मीच सांगितलं होतं, रॅम्पवर चहा पिताना.