पहिल्या दहा मिनिटांचा वास

लहानपणी ताप चढला की आई कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवायची. घडी अजून ओलीगार असायची, पण लिंबासारखा तो वास मात्र केव्हाच उडून गेलेला असायचा. असं का होतं, हे मला नीट समजलं ते मागच्या दिवाळीत. नकली परफ्यूमपायी पाच हजार रुपये गेले आणि त्याहून वाईट म्हणजे घरातल्या माणसाला त्रास झाला, तेव्हा. हे लिहितोय ते एवढ्यासाठी की लग्नसराईत अशी खरेदी पुष्कळ जण करतात.

मी सुगंध लावणारा माणूस आहे, आणि अगदी आवडीने. पहिल्या पगारातून कूल वॉटर नावाचं परफ्यूम घेतलं होतं. सकाळी लावलं की पुदिना आणि लव्हेंडरचा गार झोत यायचा. दुपारी शर्टाची कॉलर हुंगली तर तंबाखूकडे झुकणारा उबदार वास असायचा. एकाच बाटलीतले दोन वेगळे वास. काकांनी दिलेलं हिना अत्तर याच्या अगदी उलट. फाया कानात ठेवला की आधी ते डोक्यात जातं, उग्र वाटतं, आणि संध्याकाळी अंगावरची शाल काढताना इतकं गोड लागतं की शाल धुवायला टाकवत नाही. सांगायचं एवढंच, की वास अंगावर कसा बदलत जातो हे मला माहीत होतं. तरीही फसलो.

धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरला होता. होणाऱ्या जावईबापूंसाठी दिओर कंपनीचं सोवाज हे परफ्यूम घ्यायचं मनात होतं, पण मॉलमधली किंमत परवडेना. दिवाळीच्या तोंडावर डोंबिवलीत एका हॉलमध्ये विक्री-प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या एका टेबलावर तीच निळी-काळी बाटली दिसली. पांढरा साधा खोका, त्यावर 'टेस्टर' छापलेलं. विक्रेता म्हणाला, "दादा, माल तोच आहे, फक्त भारी खोका नाही. दुबईहून आलाय. दोन घ्या, पाच हजारांत देतो." त्याने टेबलावरची उघडी बाटली उचलून माझ्या मनगटावर फवारली. बर्गामोट या लिंबाच्या जातीच्या फळाचा आणि मिरीचा तो ओळखीचा ठसका आला. आधीचा वास नाकातून जावा म्हणून हुंगायला कॉफीच्या बिया पुढे केल्या, मग दुसरं मनगट. मला शंभर टक्के खात्री पटली. एक जावईबापूंना, एक मला. पिशवीत घालून दिल्या त्या बाटल्या मात्र टेबलाखालून काढलेल्या, सीलबंद होत्या. फसवणूक तिथेच झाली. मनगटावरची एक होती, पिशवीतली दुसरीच.

साखरपुड्याला भेट दिली. सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी मी माझी बाटली फोडली, लावलं आणि ८.४२ची लोकल पकडली. डोंबिवलीला वास छान होता. ठाणे येईपर्यंत तो संपला होता, आणि मागे राहिला होता जळक्या साखरेत स्पिरिट मिसळल्यासारखा एक चिकट वास. वाटलं, घामामुळे असेल.

चार दिवसांनी बहिणीचा फोन आला. "दादा, ह्यांच्या मानेवर लाल चट्टे उठलेत रे." त्वचेच्या डॉक्टरांनी कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे अंगाला काहीतरी लागल्यामुळे आलेला त्वचेचा दाह, सांगितला. नेमकं कशामुळे, हे त्यांनाही सांगता येईना, कारण बाटलीत काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नाला तीन आठवडे राहिले होते. माझ्या हाताने दिलेली वस्तू होती ती.

त्या रविवारी बाटली घेऊन मॉलच्या काउंटरवर गेलो. तिथल्या ताईंनी शांतपणे टोपण हातात घेतलं. खऱ्या बाटलीचं टोपण लोहचुंबकाने खटकन जागेवर बसतं. माझं नुसतंच सैल बसत होतं. खरी फवारणी धुक्यासारखी पसरली, माझ्या बाटलीतून थेंब उडाले. डाव्या मनगटावर खरं, उजव्यावर माझं लावून मी दोन तास मॉलमध्ये फिरलो. पहिली दहा मिनिटं, खरं सांगतो, फरक कळत नव्हता. पाऊण तासाने उजवं मनगट मेलं. डाव्यावर मिरी निवून कोरड्या लाकडाचा, किंचित खारट असा उबदार वास बसला होता आणि तो रात्री जेवतानाही होता.

लिंबू, बर्गामोट यांचे कण हलके, ते आधी उडतात. कपाळावरच्या घडीचंही तेच होतं. चंदन, अंबर, कस्तुरी या जातीचे वास जड, ते तासन्‌तास टिकतात आणि चांगल्या परफ्यूमचा खरा कस तिथे लागतो. नकली माल बनवणारा सगळी मेहनत पहिल्या दहा मिनिटांवर घेतो, कारण गिऱ्हाईक टेबलापाशी तेवढाच वेळ उभं असतं. म्हणून फवारून घ्या, घरी जा, जेवा, झोपा. सकाळी त्या मनगटाला काय वास येतो ते बघा आणि मगच पैसे काढा. आणि जी बाटली विकत घेताय तीच फोडून दाखवायला सांगा.

टेस्टर नावाची वस्तू असते, पण ती दुकानाला गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी दिलेली असते, विकण्यासाठी नसते. आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि कमाल किंमत छापलेली असायला हवी. माझ्या खोक्यावर यातलं काहीच नव्हतं, आणि मी ते बघितलंही नव्हतं. बुडाचा बॅच क्रमांक मोबाइलवर तपासला तर तो बरोबर निघाला! एका खऱ्या बाटलीचा क्रमांक हजार नकली बाटल्यांवर छापता येतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बिलाचा. बिल नव्हतं. पैसे यूपीआयने दिले होते, ते भलत्याच माणसाच्या नावावर गेलेले. विक्रेत्याने दिलेला मोबाइल नंबर बंद. तरी पैसे दिल्याचा पुरावा, बाटलीचे फोटो आणि डॉक्टरांचा कागद जोडून तक्रार नोंदवली आहे.

जावईबापू मला एका शब्दाने बोलले नाहीत. लग्नात त्यांच्या मानेवरचे डाग फिके दिसत होते. त्यांची बाटली मी मागून आणली. दोन्ही बाटल्यांवर कागदाची पट्टी चिकटवून 'वापरू नये' असं लिहिलंय आणि बोलावणं आलं तर दाखवायला त्या जपून ठेवल्या आहेत.