वजनकाट्याला पाच स्टार, अलार्मला एक

कऱ्हाडला माझं छोटं हॉस्पिटल आहे. सहा महिन्यांपूर्वी अकरा पेशंटच्या घरी, तब्येतीवर दुरून लक्ष ठेवायचा हा संच बसवला. बीपीचं मशीन, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, वजनकाटा आणि सिमकार्ड घातलेली एक डबी. आकडे थेट माझ्या मोबाइलवर. महिन्याला १४०० रुपये, ते पेशंटच्या घरचे भरतात.

पैसे वसूल झाले ते वजनकाट्यावर. हृदय कमजोर असलेल्या एक आजी, वय ७६. तीन दिवसांत वजन २.१ किलो वाढलं. फोन केला तर सूनबाई म्हणाल्या, "सूज नाही डॉक्टर, जेवण पण व्यवस्थित आहे." सूज दिसायच्या आधी अंगात साठलेलं पाणी काट्यावर दिसतं, पण एरवी आजी ओपीडीत येणार महिन्यातून एकदा. खोदून विचारलं तेव्हा कळलं, भाचीच्या लग्नाला एसटीनं जायचं होतं, वाटेत पंचाईत नको म्हणून आजींनी लघवीची गोळीच बंद ठेवलेली! गोळी सुरू केली, आठवड्यात वजन जागेवर. ॲडमिट करावं लागलं नाही.

बीपीचं मशीन चांगलं आहे. माझ्यासमोर हमखास १६० दाखवणारे एक गुरुजी घरी आठवडाभर १२८/७८. घरच्या बीपीला आम्ही १३५/८५ ची रेघ धरतो, त्यामुळे त्यांची गोळी वाढवायची टळली. कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, मात्र एकाच मापाचा. जाड दंडाला तो लावला की बीपी उगाच जास्त येतं. मोठा कफ मागवला, तीन आठवड्यांनी आला. एकदा आजींच्या नावावर १७८/११० आलं आणि आमची धावपळ झाली. जावईबापूंनी सहज म्हणून स्वतःचं मोजलं होतं. आता त्यांचाही केसपेपर आमच्याकडे आहे.

खरा वैताग अलार्मचा. ऑक्सिजन ९२ च्या खाली गेला की वाजणार, सगळ्यांना एकच नियम. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या पेशंटला आम्ही ८८ ते ९२ मध्येच ठेवतो, त्यामुळे अशा एका आजोबांपायी माझा फोन दिवसभर ठणाणा. कंपनीकडे बदलून मागितलं, तर दोन महिने "टीमला कळवलंय". जानेवारीत पहाटे पावणेतीनला दुसऱ्या एका काकांचा आकडा ८४. मुलगा घाबरलेला. म्हटलं, आधी बोटं चोळून गरम करा. मग ९६. झोप येईना म्हणून काकांनी सहज लावून बघितलं होतं. माझी झोप गेली ती गेलीच, आणि फोन सायलेंटवर टाकायचा धीरही होत नाही.

कोविडात घरी ठेवलेल्या पेशंटना आमच्या सिस्टर दिवसातून दोनदा फोन करायच्या, आकडे वहीत लिहायच्या आणि ज्यात काही दम आहे तेवढंच मला सांगायच्या. इथे मध्ये ते माणूसच नाही. आजोबांचा आकडा आणि आजींचं वजन, दोन्हीला तोच लाल ठिपका.

हृदयाच्या चार पेशंटकडे संच ठेवला, सात परत केले. मोठा कफ न्यायला अजून कोणी आलेलं नाही.