एडिटिंगचं काम टीव्हीवर बघायचंय: साधी केबल घ्यावी की वेगळा बॉक्स?

टीव्हीवर नेमकं काय तपासायचं आहे, हे आधी ठरवा. हालचाल, फ्रेमिंग, अक्षरांचा आकार बघायचा असेल तर एचडीएमआय केबल पुरते. रंगांवर शेवटचा हात फिरवायचा असेल किंवा प्रसारणासाठी इंटरलेस्ड फाइल (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये विभागलेली) द्यायची असेल, तर वेगळं उपकरण, म्हणजे व्हिडिओ सिग्नल बाहेर देणारा बॉक्स किंवा कार्ड, लागतं. मधले पर्याय आहेत, पण खरी निवड या दोघांतलीच.

केबलचा मार्ग सोपा आहे. ग्राफिक्स कार्ड टीव्हीला जोडलं की टीव्ही दुसरा मॉनिटर होतो. प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसच्या प्लेबॅक विभागात मर्क्युरी ट्रान्समिट हा पर्याय चालू करून तो मॉनिटर निवडला की टाइमलाइनचं चित्र तिथे पूर्ण पडद्यावर येतं. अडचण अशी की हे चित्र ऑपरेटिंग सिस्टिम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या हातून जातं, आणि रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो) किंवा रंगांची रेंज त्यांच्याच सेटिंगवर ठरते.

याचा पहिला फटका हालचालीला बसतो. प्रोजेक्ट सेकंदाला २५ फ्रेमचा आणि सिग्नल ६० हर्ट्झचा असेल, तर एका फ्रेमच्या वाट्याला २.४ रिफ्रेश येतात. रिफ्रेशचे तुकडे होत नाहीत, म्हणून काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. गजांच्या कुंपणावरून सावकाश पॅन केलेला शॉट लावून बघा, गज अडखळत सरकतात. शूटिंगमध्येच हात हलला असं वाटून माणूस स्टॅबिलायझर लावायला जातो. खरं तर डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ केलं की प्रत्येक फ्रेम नेमकी दोनदा दिसते आणि पॅन गुळगुळीत होतो. केबल घेणाऱ्याने पहिलं काम हेच करावं.

दुसरा फटका काळ्या रंगाला. कॉम्प्युटर ० ते २५५ अशी पूर्ण रेंज पाठवतो, आणि टीव्ही व्हिडिओची १६ ते २३५ ही रेंज धरून बसलेला असतो. मग काळे केस, काळा कोट यांतला सगळा तपशील बुडतो, पांढरे भाग करपतात. उलट गोंधळ झाला तर चित्रावर राखाडी साय येते. दोन्हीकडे एकच रेंज निवडली की हे मिटतं. हे न तपासता ग्रेडिंग, म्हणजे रंगांची जुळणी, करू नका, नाहीतर टीव्हीची चूक तुम्ही फाइलमध्ये कायमची उतरवाल.

आता बॉक्स. ब्लॅकमॅजिकचा अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर ३जी हा बॉक्स थंडरबोल्ट ३ या वेगवान पोर्टावर चालतो आणि १०८०पी६० पर्यंत सिग्नल देतो, एचडीएमआय आणि एसडीआय (व्यावसायिक व्हिडिओची केबल) दोन्हींतून. डेस्कटॉपसाठी त्याच कंपनीची डेकलिंक मिनी मॉनिटर ही पीसीआय एक्स्प्रेस कार्डं आहेत. इथे चित्र डेस्कटॉपच्या वाटेला जातच नाही. एडिटिंग सॉफ्टवेअर थेट प्रोजेक्टच्याच फ्रेम रेटने व्हिडिओ सिग्नल पाठवतं. १०८०आय५० चं, म्हणजे इंटरलेस्ड काम असेल तर फील्ड ऑर्डर (फील्डचा क्रम) उलटी पडल्याचंही लगेच दिसतं, कारण हलणारी वस्तू पुढे-मागे थरथरते. एचडीएमआय केबलने दुसरा मॉनिटर म्हणून जोडलेल्या टीव्हीवर ही चूक सहसा लपून राहते. डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरवर रंगांचं काम करणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा. त्यातल्या व्हिडिओ मॉनिटरिंगसाठी ब्लॅकमॅजिकचंच उपकरण लागतं.

क्रोमकास्ट, मिराकास्ट, एअरप्ले या बिनतारी मार्गांच्या भरवशावर एडिटिंग करू नका. चित्र दाबून पाठवलं जातं, उशिरा पोचतं, आणि कट नेमका कुठे बसला हे कळत नाही. घरच्यांना रफ कट दाखवायला मात्र ते छान. पेनड्राइव्हचं तसं नाही. एच.२६४ फाइल काढून टीव्हीत लावली की प्रेक्षकाला दिसतं जवळपास तसंच दिसतं, म्हणून शेवटची तपासणी मी नेहमी तशीच करते. ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

कुठलाही मार्ग घ्या, टीव्हीची स्वतःची लुडबुड आधी बंद करा. मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालणं), डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, आपोआप बदलणारी ब्राइटनेस, सगळं बंद. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, नाहीतर सिनेमा मोड. ओव्हरस्कॅन (चित्र थोडं मोठं करून दाखवणं) चालू राहिला तर कडेच्या पट्ट्या कापल्या जातात आणि खालचं नाव अर्धवट दिसतं. तो काही टीव्हींवर 'जस्ट स्कॅन', काहींवर 'स्क्रीन फिट' या नावाने बंद होतो. आवाजही एचडीएमआयनेच टीव्हीला द्या. चित्र टीव्हीवर आणि आवाज कॉम्प्युटरच्या स्पीकरवर ठेवला तर टीव्हीच्या प्रक्रियेमुळे ओठ मागे पडतात. तरीही कट मारताना उशीर जाणवला तर तेवढ्यापुरता गेम मोड लावा, आणि रंग बघताना पुन्हा काढा.

माझा सल्ला: आधी केबल घ्या आणि वरची सेटिंग करून महिनाभर काम करा. तेवढ्यात रंगांची शंका वारंवार आली, तर बॉक्सवर खर्च करा. लॅपटॉपला घेत असाल तर पोर्टाशेजारी विजेच्या बाणाची थंडरबोल्टची खूण आहे का ते बघा. नुसत्या यूएसबी-सी पोर्टाला तो बॉक्स बसतो, पण चालत नाही.