देवमाशाच्या नावाने 37 हजार गेले, खान्देशातल्या पोरापोरींनो वाचा

लिहू का नको करत चार महिने घालवले, लाज वाटत होती. पण परवा आमच्याच कॉलेजच्या एका ज्युनिअरच्या स्टेटसला तसलीच जाहिरात दिसली आणि म्हटलं लाज गेली तापीत, लिहूनच टाकते.

मी चोपडा तालुक्यातली, बीएस्सी झूलॉजी झालंय, घरी केळी. समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलेला, शाळेच्या सहलीत अलिबागला, तोही ओहोटीचा. देवमाशाशी संबंध फक्त यूट्यूबपुरता पण तो फार जुना. अलास्कातले हंपबॅक जातीचे देवमासे मिळून पाण्याखाली गोल फिरत बुडबुडे सोडतात, त्या बुडबुड्यांच्या जाळ्यात हेरिंग मासे कोंडले जातात आणि मग सगळे एकदम जबडा उघडून वर येतात, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं ताटातलं जेवण गार झालं होतं. त्यामुळे एप्रिलमध्ये इन्स्टावर "देवमाशांच्या वर्तनाचा फील्ड रिसर्च, मालवण, 15 दिवस, व्हॉलंटिअर पाहिजेत, झूलॉजीवाल्यांना प्राधान्य" असं दिसल्यावर मी फॉर्म भरणार नाही तर काय करणार.

दोन दिवसात फोन. स्वतःला प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर म्हणवणारा माणूस, व्हिडिओ कॉल पण कॅमेरा बंद, "नेटवर्क नाही मॅडम, बोटीवर आहे". 40 मिनिटं बोलला आणि काय बोलला! शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे पट्टे प्रत्येक हंपबॅकचे वेगळे असतात, त्याच्या फोटोवरून ओळख पटवतात, एकाच प्राण्यावर ठराविक वेळ नजर ठेवून तो काय काय करतो ते नोंदवायचं, पाण्यात हायड्रोफोन म्हणजे पाण्याखालचा माइक सोडून आवाज रेकॉर्ड करायचे. मी रात्री बसून एकेक गोष्ट शोधली. सगळं खरं. मी मूर्ख नाहीये हो, चेक केलं होतं. पण चेक केलं ते सायन्स, माणूस केलाच नाही.

जूनची तारीख ऐकून मी विचारलं पण होतं की पावसात कसं? तर म्हणे, अरबी समुद्रातले हंपबॅक बाकीच्यांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, बारा महिने इथेच असतात, म्हणून कुठलाही महिना चालतो. आता यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे, मी वाचला, आणि मीच खूश झाले की किती अभ्यासू माणूस. त्याच वाचण्यात हेही होतं की ओमानच्या किनाऱ्याजवळ या हंपबॅकचा अंदाजच शंभरच्या आत निघालाय. आणि हा सांगत होता "रोज चार-पाच दिसणारच, गॅरंटी". दोन्ही वाक्यं माझ्यासमोर होती, जोडली नाहीत मी. टीमच्या फोटोत मागे बर्फाचे डोंगर होते, त्यावर विचारलं तर "ती आमची अलास्का टीम". बरं.

मग पैसे. रजिस्ट्रेशन 3,000. राहणं-जेवण-ट्रेनिंग 18,500. मग बोटीचा इन्शुरन्स 6,000, आणि शेवटी निघायच्या तीन दिवस आधी परमिट डिपॉझिट 9,500, "रिफंडेबल". दर वेळी वेगळा यूपीआय आयडी, वेगळ्याच माणसाचं नाव. केळीचे पैसे नुकतेच आले होते, आप्पांनी एका शब्दाने विचारलं नाही, हेच जास्त टोचतं. फक्त मामा म्हणाले, "मासा देखाले पैसा? आरे तापीमा कमी शेतस का?" आणि सगळे हसले, मी पण. चुलत्यांनी विचारलं देवमाशाची उलटी सापडली तर आणशील का, त्यांना सांगितलं की ती जवळ ठेवली तरी जेल आहे, तेवढं ज्ञान मी पाजळलं.

मावसभावाला सोबत घेऊन जळगावहून कल्याण, मग पनवेल, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ, पुढे एसटी. मालवणला उतरलो तेव्हा पाऊस असा की समोरचं दुकान दिसेना. फोन स्विच ऑफ. दिलेल्या पत्त्यावर गेलो तर एक होमस्टे, ते म्हणे आमच्याकडे असलं बुकिंगच नाही. जेट्टीकडे गेलो. बोटी किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीने झाकलेल्या, किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या पण बंद. एका काकांना विचारलं देवमासे बघायची बोट कुठून सुटते, त्यांनी आधी मला नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "आता खयची बोट? बंदी आसा." 1 जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत. आमच्याकडे पाऊस म्हणजे पेरणी, समुद्र बंद होतो हे डोक्यातच नाही आलं. काकूंनी म्हणजे त्यांच्या बायकोने चहा दिला, रडू तिथे आलं.

नंतर खरंच डॉल्फिनवर काम केलेल्या एक मॅडम ओळखीतून भेटल्या. त्या म्हणाल्या फी मागितली म्हणून खोटं असं नसतं, परदेशात चांगले प्रोजेक्ट पण व्हॉलंटिअरकडून पैसे घेतात. त्यांचं पहिलं विचारणं होतं, परवानगी कोणाची दाखवली? देवमासा वन्यजीव कायद्यात, म्हणजे 1972 च्या, शेड्यूल एकमध्ये येतो, वाघासारखाच, त्यामुळे संशोधनाला वनखात्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्या माणसाने मला पाठवलेल्या परवानगीच्या पीडीएफवर भलत्याच खात्याचा शिक्का होता, तोही तिरका चिकटवलेला. आणि सिंधुदुर्गात किनाऱ्यालगत बहुतेक वेळा दिसतात ते डॉल्फिन. खऱ्या सर्व्हेत दिवसचे दिवस काहीच दिसत नाही, तरी "काही दिसलं नाही" हे पण वेळेसकट लिहावं लागतं. असं सांगणारा कोऑर्डिनेटर मला भेटला असता तर मी कदाचित फॉर्मच भरला नसता, हे पण खरं.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला पण घरी परत आल्यावर, म्हणजे शेवटचं पेमेंट होऊन आठवडा झाल्यावर. तिकडच्या ताईंनी सांगितलं लगेच केला असतात तर पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले असते. तुमचं असं काही झालं तर रडणं, घरच्यांना सांगणं सगळं नंतर, आधी 1930, मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. चॅट डिलीट करू नका, मी रागाच्या भरात अर्धं केलं. माझे 4,200 एका खात्यात होल्डवर आहेत, बाकीचे गेले.

आणि मागच्या आठवड्यात नवीन नंबरवरून मेसेज. फील्डवर्क पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन, सर्टिफिकेट पाहिजे असेल तर फक्त 999. स्क्रीनशॉट पोलिसांना दिलाय. डीपीला तोच बर्फाचा डोंगर.