लालबागची खानावळ: पाटोडी रस्सा उत्तम, लिट्टी फसलेली

लालबागमधील एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर सहा टेबलांची ही खानावळ आहे. पाटीवर 'खास विदर्भ' असे लिहिले आहे. फळ्यावर मात्र पाटोडी रस्सा आणि गोळाभाताच्या शेजारी लिट्टी-चोखा (सातू भरलेले कणकेचे भाजके गोळे आणि भरीत) व गोंगुऱ्याची म्हणजे अंबाडीची चटणी पाहून मी गोंधळले. मालकांनी खुलासा केला. त्यांचे वडील चंद्रपूरकडील एका भूमिगत कोळसा खाणीत लोडर होते आणि त्यांच्या क्वार्टरच्या एका बाजूला बिहारचे, तर दुसऱ्या बाजूला तेलुगू कुटुंब राहत असे. खाण बंद झाल्यावर वडिलांची बदली झाली, शेजारी पांगले आणि पगाराच्या तारखेवर चालणारी वसाहतीतील किराणा दुकाने वर्षभरात ओस पडली.

कोळसाच संपला असे मात्र नाही. 2024-25 मध्ये देशाचे उत्पादन 100 कोटी टनांच्या पुढे गेले, पण या शतकाच्या आरंभी पाच लाखांच्या आसपास असलेले कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीचे मनुष्यबळ आता सव्वादोन लाखांच्या घरात आले आहे. कारण खुल्या खाणीत यांत्रिक शॉवेल आणि डंपर चालतात, टोपलीने कोळसा भरणारा लोडर तिथे लागत नाही, आणि उरलेले बरेचसे काम कंत्राटदाराकडे जाते.

पाटोडी रस्सा अप्रतिम होता. वड्या रश्शात भिजूनही फुटल्या नव्हत्या आणि खसखस-खोबरे काळपट होईपर्यंत भाजल्याचा खमंगपणा तर्रीखाली दबला नव्हता. गोळाभातावर कडकडीत फोडणीचे तेल मागूनही मिळते.

लिट्टीने निराशा केली. उच्च न्यायालयाच्या जानेवारी 2025 मधील आदेशानंतर महापालिकेने तंदूरवाल्यांना लाकूड-कोळसा सोडायला लावला, तेव्हापासून ती विजेच्या भट्टीत भाजली जाते. वरून कडक, आत कच्ची. (तंदूरचा कोळसा लाकडी. वसाहतीत मात्र कामगारांना घरी जाळण्यासाठी मिळणाऱ्या दगडी कोळशावर शेगडी पेटत असे आणि भिंती काळ्या होत, असे मालक सांगतात.) हवेसाठी निर्णय योग्यच आहे, पण मग भट्टीचा अंदाज येईपर्यंत लिट्टी फळ्यावरून काढावी.

शेजारच्या टेबलावरील निवृत्त गिरणी कामगाराने मालकांना विचारले, "वडिलांचा हिशेब तरी पुरता मिळाला ना?" "मिळाला, काका. आमचे ते कायम होते. कंत्राटावरच्यांना काहीच नाही."

रविवारी एकच्या आत पोहोचावे. नंतर गोळाभात उरत नाही.